आधी सरळ वर, मग गिरकी

वाचकांचे प्रश्न : चिअरलीडिंगचे फिरते स्टंट आणि फ्लायर

या वेळची बहुतेक पत्रं अमेरिकेतल्या मराठी घरांतून आली आहेत. मुली शाळेच्या किंवा ऑलस्टार जिमच्या (शाळेबाहेर, फक्त स्पर्धांसाठी चालणाऱ्या) संघात आहेत, आणि आईवडिलांना कोचची भाषा उमगत नाही. म्हणून आधी चार शब्द सांगून टाकतो. जिला वर उचलतात ती फ्लायर. तिचे पाय हातांवर धरणाऱ्या दोघी बेस, आणि मागून आधार देणारी बॅकस्पॉट. फ्लायरचे पाय बेसच्या खांद्याच्या उंचीवर असले तर तो प्रेप, बेसचे हात डोक्यावर पूर्ण ताठ असले तर एक्स्टेन्शन. खाली येताना तिला हातांच्या झोळीत झेलतात तो क्रेडल, आणि त्याआधी गुडघ्यांतून दिलेला उसळता झटका म्हणजे पॉप. वर चढताना पूर्ण गिरकी घेतली की फुल-अप, क्रेडलमध्ये उतरताना घेतली की फुल-डाउन. लेव्हल म्हणजे संघाच्या स्टंटच्या अवघडपणाची पायरी.

प्रश्न : माझी तेरा वर्षांची मुलगी तिसऱ्या लेव्हलच्या संघात फ्लायर आहे. साधा क्रेडल तिला सुरेख जमतो. फुल-डाउन सुरू झाल्यापासून मात्र ती पाऊण गिरकीतच अडकते आणि दर वेळी उजव्या कुशीवर बेसच्या हातांत पडते. कोच म्हणतात, ‘ती लवकर ओढते.’ लवकर म्हणजे नेमकं कशाच्या आधी? (एक आई, न्यू जर्सी)

उत्तर : ओढणं म्हणजे गिरकी सुरू करणं, आणि लवकर म्हणजे पॉपचा जोर पुरता मिळण्याआधी. बेस गुडघे वाकवून उठतात, हात वर झेपावतात आणि त्या झेपेच्या शेवटी फ्लायरचे पाय सुटतात. पाय अजून तळव्यांवर असतानाच तिने खांदा वळवला, तर पॉपचा निम्मा जोर तिला वर न्यायच्या ऐवजी बाजूला ढकलतो. तिची उंची जाते, शरीर कलतं, आणि कललेलं शरीर गिरकी पुरी करत नाही. मग उरलेली पाव गिरकी बेसनी हातांनी ओढून पुरी करायची, नाही तर तिने कुशीवर पडायचं. डावीकडे फिरणारी मुलगी पाऊण गिरकीत अडकली की उजव्याच कुशीवर येते, म्हणजे तुमचं निरीक्षण अगदी बरोबर आहे.

वेळेचा हिशेब मुलीला कागदावर मांडून दाखवा. एक्स्टेन्शनवरून पॉप दिला आणि ती ४० सेंटिमीटर वर उसळली, तर सुटल्यापासून शिखर गाठायला सुमारे ०.२९ सेकंद लागतो. तिथून हातांच्या झोळीत येईपर्यंत साधारण ०.६५ सेकंद. एकूण एक सेकंदही नाही. शेवटचा ०.२ सेकंद हात उघडून झोळीत बसायला ठेवला, तर खाली येताना गिरकीला ०.४५ सेकंद मिळतो, आणि घट्ट शरीराला एका फेरीसाठी तो पुरतो. घाई करायची गरजच नाही. आणखी १० सेंटिमीटर उंची मिळाली तरी एकूण वेळ ०.०५ सेकंदाने वाढतो, म्हणून ‘अजून जोरात फेका’ हा इथला उपाय नव्हे.

खरा फरक पडतो शरीराच्या आकाराने. फुगडी आठवा. हात ताणून मागे रेललं की फेर मंद होतो, जवळ आलं की भिंगरी. दोन्ही हात आडवे पसरलेलं शरीर फिरायला, हात छातीशी घेतलेल्या शरीरापेक्षा साधारण दुप्पट जड जातं. मोकळं सुटलेलं कोपर, फाकलेल्या टाचा किंवा गिरकी संपायच्या आत कंबरेतून वाकणं, यांतलं एक जरी झालं तरी पाव फेरी हातची जाते. यात शेवटची चूक सगळ्यांत जास्त दिसते. मुलीला झोळीत बसायची इतकी घाई असते की ती फिरता फिरताच बसू लागते.

हवेत टेकू नसताना गिरकी येते तरी कुठून, असं मुली हमखास विचारतात. ती दोन ठिकाणांहून येते. पाय तळव्यांवरून सुटतानाच्या अगदी शेवटच्या क्षणी बोटांनी आणि कंबरेने दिलेला हलका पीळ, हे पहिलं. दुसरं असं की क्रेडलमध्ये येताना शरीर उभ्याचं आडवं होतच असतं. त्या वेळी एक हात छातीवरून आडवा ओढला की त्या मागे झुकण्यातलीच गती थोडी गिरकीत वळते. म्हणून डिपमध्ये, म्हणजे गुडघे वाकलेले असताना, खांदे मागे नेऊन पीळ साठवायचा नाही. त्याने फायदा शून्य आणि कल मात्र नक्की.

क्रम असा. पॉपबरोबर दोन्ही हात कानांजवळून वर, छाती समोर, टाचेला टाच. डोळे समोरच्या भिंतीच्या वरच्या कडेवर. वर जाणं मंदावल्याचं पोटात जाणवतं, पाळणा टोकाला गेल्यावर जाणवतं तसं. त्या क्षणी उजवा हात छातीवरून डाव्या खिशाकडे ओढायचा, डावं कोपर बरगडीला चिकटवायचं आणि नजर डाव्या खांद्यावरून पलीकडे न्यायची. शरीर ओंडक्यासारखं एकसंध फिरलं पाहिजे, आधी खांदे आणि मागून पाय असं नाही. छतावरचे दिवे दिसले की हात उघडायचे, पाय उचलायचे, बोटं छताकडे.

‘ती लवकर ओढते’ हे खरं आहे का, तेही तपासून घ्या. फोनवर सेकंदाला १२० चौकटींचं चित्रीकरण समोरून करा. पाय सुटल्यापासून शिखरापर्यंत साधारण ३५ चौकटी दिसतील. पाय सुटायच्या आधीच खांदा वळलेला दिसला तर कोचचं निदान बरोबर. पण पाय सुटतानाच तिची कंबर घोट्यांच्या रेषेतून एका बाजूला गेलेली असेल, तर दोष तिचा नाही. एका बेसचा पॉप दुसरीपेक्षा आधी किंवा जास्त जोरात लागतोय. अशा वेळी मुलीला बोलून काही सुधारणार नाही, उलट ती आणखी आवळून लवकरच ओढू लागेल.

पुढचे काही सराव तिने गिरकी बंद ठेवून नुसते उंच, सरळ क्रेडल घ्यावेत. दहापैकी आठ वेळा टाचा जुळलेल्या आणि कंबर घोट्यांवर दिसली की पाव गिरकी, मग थेट पूर्ण. अर्धी गिरकी क्रेडलमध्ये सरावाला घेऊ नये, कारण ती पालथी संपते. आणि एक गोष्ट तिला ठामपणे सांगा. अडकलीस तरी हात बाहेर काढून आधार शोधायचा नाही. घट्ट राहिलेल्या मुलीला बेस कुशीवरही झेलू शकतात. अर्ध्यात सोडून दिलेली गिरकी मात्र सगळ्यांनाच लागते.

प्रश्न : कॉलेजच्या संघात मी फ्लायर आहे. प्रेपला जाणाऱ्या फुल-अपमध्ये मी वर पोहोचते, पण पाय बेसच्या हातात वाकडा बसतो आणि त्यांना पकड बदलावी लागते. कधी टाच निसटते. चूक माझी की त्यांची? (एक विद्यार्थिनी, टेक्सास)

उत्तर : बहुधा दोघींची थोडी थोडी. आधी बेसचं पाहू, कारण ते लवकर सुटतं.

फुल-अपला फ्लायरचा एक पाय दोघी बेस मिळून धरतात आणि तो पाय त्यांच्या हातांत फिरतो. पकड शेवटी नैसर्गिक यायची तर सुरुवातीला ती उलटी पिळलेली हवी. कुणाचा कुठला हात कुठे, हे पाठ करण्यापेक्षा उलट्या दिशेने शोधा. गिरकी नसलेला साधा प्रेप लावा आणि पायाखालची पकड हवी तशी घट्ट बसवा. आता तू दुसरा पाय सोडून, बॅकस्पॉटच्या पूर्ण आधाराने, एकाच पायावर हळूहळू उलट्या दिशेने फिरत खाली ये. बेसनी पाय सोडायचा नाही, हात वळतील तसे वळू द्यायचे. तू जमिनीशी आलीस की त्यांचे हात जिथे पोहोचले असतील तीच तुमची सुरुवातीची पकड. तिचा फोटो काढून ठेवा. दोघींच्या मनगटांची लवचीकता वेगळी असते, त्यामुळे दुसऱ्या गटाची पकड तुमच्या गटाला तशीच्या तशी बसेल असं नाही. पायाच्या चवड्याखाली आणि टाचेखाली, दोन्हीकडे हात राहतोय ना, एवढं पक्कं करा. टाच निसटते तेव्हा बहुतेक वेळा टाचेखालचा हात पिळाच्या शेवटी बोटांवर आलेला असतो.

आता तुझं. ‘वन, टू, डाउन, अप’ या मोजणीत ‘डाउन’ला डिप आणि ‘अप’ला उभं राहणं. गिरकी तिसरीच गोष्ट आहे आणि ती ‘अप’नंतर येते, गुडघा पूर्ण सरळ झाल्यावर. वाकलेल्या गुडघ्यावर फिरलीस की तुझं वजन पायाच्या बाहेरच्या कडेवर जातं, तळपाय तिरका होतो आणि बेसना वाकडाच पाय मिळतो. चढताना दोन्ही हातांनी बेसचे खांदे खाली दाब. जिना चढताना कठडा दाबून शरीर वर घेतो तसं. खांदे आपल्याकडे ओढलेस तर बेस पुढे येतात आणि तुझ्या पायाखालची जागाच बदलते.

जमिनीवरचा पाय सुटला की तो लगेच दुसऱ्या घोट्याला लाव, घोट्याला घोटा. मागे लोंबकळणारा पाय तुला गिरकीतून बाहेर खेचतो. गिरकी पुरी झाली, छाती समोर आली, मग तो पाय उघडून बाजूच्या बेसच्या हातात दे. पाय आधी उघडलास तर फेरी पूर्ण व्हायच्या आत थांबशील. डोकं सगळ्यांत शेवटी निघालं पाहिजे आणि सगळ्यांत आधी पोहोचलं पाहिजे. समोरचा एक बिंदू शक्य तितका वेळ धरून ठेव, मग मान झटकन वळवून तोच बिंदू पुन्हा पकड. खाली पायांकडे पाहू नकोस. हनुवटी खाली गेली की पाठ वाकते आणि तुझा अख्खा भार पुढे जातो.

सरावाचे टप्पे : जमिनीवर उडी मारून पूर्ण फेरी, मग बेस गुडघ्यांवर बसलेले असताना, मग कंबरेच्या उंचीपर्यंत, मग प्रेप. कंबरेच्या उंचीवर बॅकस्पॉटला तुझी कंबर दोन्ही हातांनी फिरवू दे. तिच्या हातांना फिरवायला जोर लागत असेल तर तू अजून सरळ नाहीस. तिला नुसता स्पर्श पुरतो असं वाटलं की वर जा.

प्रश्न : मी बॅकस्पॉट आहे. फुल-डाउन झेलताना फ्लायरचं कोपर दोनदा माझ्या नाकावर बसलं. तिला सांगून उपयोग होत नाही. (अटलांटा)

उत्तर : तिने कोपर बरगडीशी ठेवायला हवं, हे खरंच. उताणं झोपून, कोपरांखाली एकेक रुमाल दाबून धरून ओंडक्यासारखं लोळायला तिला सांगा. रुमाल सुटला की कोपर सुटलं, ते तिला स्वतःला कळतं.

पण तुमच्याही बाजूने दोन गोष्टी पाहा. गिरकी चालू असताना तुम्ही तिची कंबर धरायला जात असाल तर ती थांबते, आणि थांबलेली फ्लायर हात उघडते. ती फिरत असताना तुमचे हात वर, तळवे तिच्याकडे, नजर तिच्या खांद्यांवर. हनुवटी आत आणि डोकं थोडं मागे, कारण पाहण्यासाठी पुढे काढलेला चेहराच कोपराच्या वाटेत येतो. पाठ तुमच्याकडे आली की एक पाऊल आत टाका आणि काखांखालून घ्या. दोघी बेसचे हात मांड्या आणि पाठीखाली, तुमचा किमान एक हात डोक्याखांद्याच्या आधाराला. बहुबेस स्टंटमधून फिरत येणाऱ्या क्रेडलला दोन झेलणाऱ्या आणि बॅकस्पॉट हव्यातच.

मार बसल्यावर डोकं जड वाटलं, मळमळलं किंवा प्रकाश खुपला, तर त्या दिवशी पुन्हा स्टंट नाही. डॉक्टरांनी मोकळीक दिल्यावरच. फ्लायरला लागलं तरी हाच नियम.

प्रश्न : मुलगी सहा वर्षं कथक शिकली आहे. चकरीची सवय इथे कामाला येईल का? तिला डावीकडे फिरायला सोपं जातं. (कॅलिफोर्निया)

उत्तर : नजर समोरच्या बिंदूवर ठेवून मान शेवटी वळवण्याची सवय तिला फुल-अपमध्ये फार उपयोगी पडेल. इतर मुलींना हे शिकायला कित्येक आठवडे जातात. चक्करही कमी येईल. मोडावी लागेल ती पायांची सवय. चकरीत पाय जमिनीवर आघात करत तोल सावरतो, इथे पायाने काहीच करायचं नाही. हवेत किंवा बेसच्या हातात असताना पाऊल हलवलं की पकड गेली. हातांचंही तसंच. चकरीत पसरलेला हात शोभतो, इथे तो ब्रेक ठरतो.

डावीकडे सोपं जातं हे उत्तमच, कारण अनेक संघ डावीकडेच फिरतात. ज्या मुलींना उजवीकडे सोपं जातं त्यांनी टंबलिंगमधल्या (जमिनीवरच्या कोलांट्यांमधल्या) गिरकीची दिशा पाहावी आणि टंबलिंग आणि स्टंट दोन्हींत एकच ठेवावी. दोन दिशांची गिरकी एका शरीरात बसवली तर ऐन हवेत कुठे वळायचं याचा गोंधळ उडतो. गटातल्या झेलणाऱ्यांनाही दिशा आधीपासून माहीत हवी.

प्रश्न : एका पायावरच्या लिबर्टीतून फुल-डाउन केव्हा शिकवतात? (शिकागो)

उत्तर : ऑलस्टार नियमांत दोन पायांवरच्या स्टंटमधून एक गिरकी तिसऱ्या लेव्हलला येते, एका पायावरून चौथ्या लेव्हलला. एवढा फरक का, तर इथे एक काम वाढतं. पॉपबरोबर वाकलेला पाय सरळ करून उभ्या पायाला जुळवावा लागतो, तोही शिखराच्या आत, म्हणजे त्या ०.२९ सेकंदात. पाय जुळला नाही तर गिरकी तिरक्या काठीसारखी होते. म्हणून आधी लिबर्टीतून साधे क्रेडल पाय जुळवून घट्ट होऊ द्या. नियमपुस्तक दर हंगामाला सुधारलं जातं, तेव्हा चालू हंगामाचंच पाहा.

प्रश्न : मुलीचं नाक टोचलं आहे. स्पर्धेत चमकीवर पट्टी लावली तर चालेल? हातात काळा दोराही आहे. (सिॲटल)

उत्तर : नाही. चमकी, कानातले, बांगडी, दोरा, सगळं काढावं लागतं. पट्टी लावून झाकलेलंही चालत नाही. हा नियम जाचक वाटतो, पण फिरणाऱ्या मुलीच्या मनगटातल्या दोऱ्यात बेसचं बोट अडकलं तर काय होईल ते डोळ्यांपुढे आणा. नव्याने टोचायचं असेल तर हंगाम संपल्यावर टोचा, म्हणजे छिद्र बरं व्हायला वेळ मिळतो.

प्रश्न : आमच्या गोविंदा पथकात वरच्या थरावरच्या मुलाने हंडी फोडल्यावर गिरकी घेत उतरावं, अशी काही जणांची कल्पना आहे. चिअरलीडिंगसारखं झेलता येईल का? (लालबाग, मुंबई)

उत्तर : कृपया करू नका. क्रेडलमध्ये फ्लायरखाली तीन जणी फक्त तिलाच झेलायला उभ्या असतात, ती दोन-तीन मीटरवरून येते, खाली मॅट असते आणि त्याच तिघींनी तिला फेकलेलं असतं. थरांमध्ये वरच्या गोविंदाच्या पायाखाली खांदे असतात, झेलायला मोकळे हात कुणाचेच नसतात. त्याने गिरकीसाठी पाय पिळला तर तो पीळ खालच्या खांद्यात उतरतो, आणि तो खांदा हलला की अख्खा थर हलतो. खाली डांबर. तुमच्या पथकाचं कसब स्थिर उभं राहण्यात आणि थर शिस्तीत उतरवण्यात आहे, आणि ते कसब फार मोठं आहे. वर चढणारा चौदा वर्षांच्या आतला नको, दोरी आणि हेल्मेट हवंच, हे तुम्ही जाणताच.

प्रश्न : जिम आठवड्यातून दोनच दिवस असतं. घरी काय करून घ्यावं? (एक बाबा, टोरांटो)

उत्तर : घरी उचलणं अजिबात नको, सोफ्यावरही नाही. बेससुद्धा प्रशिक्षित लागतात. एकटीने करण्यासारखं मात्र पुष्कळ आहे.

पाठीवर झोपून कंबर जमिनीला चिकटवायची, खांदे आणि टाचा थोड्या उचलायच्या, हात छातीशी. २० सेकंद, चार वेळा. हे न थरथरता जमलं की याच आकारात सतरंजीवर लोळणं : डावीकडे पाच फेऱ्या, उजवीकडे पाच. कोपर किंवा टाच टेकवून ढकललं तर ती फेरी मोजायची नाही. पायांच्या मध्ये एक पातळ वही धरायला सांगा. वही पडली तर टाचा सुटल्या.

चवड्यांवर उभं राहून हात वर, डोळे समोर, ३० सेकंद. एका पायावर तेवढंच. नंतर डोळे मिटून १० सेकंद, भिंतीजवळ.

आणि उडीची फेरी. फरशीवर रंगीत चिकटपट्टीने फुलीची खूण करा, बूट घालून त्या फुलीवर उभं राहून सरळ वर उडी, पूर्ण फेरी, पुन्हा फुलीवर. मोजे घालून नाही, फरशीवर घसरायला होतं. ती फुलीच्या डावीकडे उतरत असेल तर उडायच्या आधीच खांदा वळवते आहे. मागे उतरत असेल तर हनुवटी वर फेकते आहे. फुलीवर उतरली पण फेरी अपुरी राहिली, तर हात उशिरा जवळ येतात. दिवसाला दहा उड्या पुरेत. थकलेल्या पायांनी घेतलेल्या अकराव्या उडीत ती खांदा आधी वळवायला शिकेल, आणि ती सवय मोडायला पुढचे दोन आठवडे जातील.